तळाचं पाणी

मी तळ्यांची माणूस. पाण्यात काय विरघळलंय, कोण जगतंय, कोण मरतंय, हे मोजत बसणं हाच माझा धंदा. तो मला सरांनी शिकवला. तलावावर आले की सर आधी वाकून पाण्याचा वास घ्यायचे. आम्ही विद्यार्थी मागे तोंड दाबून हसायचो. सरांना जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

थंडी नुकती सुरू झाली होती. सकाळी नऊला एकटीच होडी घेऊन निघाले. पाण्याचे नमुने घ्यायचे आणि परत यायचं, एवढंच काम. मध्यावर पोचते न पोचते तोच धुकं उतरलं. काठ गेला, झाडं गेली, होडीचं टोकही दिसेना. वल्ह्यावरून पाणी तेवढं ठिबकत होतं... टप्... टप्...

ऑक्सिजनचं मीटर पाण्यात सोडलं. आकडा छान. वहीत लिहिणार, एवढ्यात पाठीमागच्या फळीवरून कोणीतरी हळूच म्हणालं,

"मीटर राहू दे गं... वास घे."

होडी मागे जराशी दबली होती. कोणी बसल्यावर दबते तशी.

वळून बघायचा धीर झाला नाही. "सर...?" एवढंच विचारलं. मी श्वास आत ओढला. कुजक्या अंड्यांचा वास! तळाचं विषारी पाणी वर यायला लागलं होतं, आणि सगळं गाव हेच पाणी पितं.

लगेच पंपहाउसच्या काकांना फोन लावला.

"काका, गावाचं पाणी बंद करा. आत्ताच!"

"मॅडम, मीटर काय म्हणतंय?"

"मीटर राहू द्या. माझं नाक सांगतंय."

काका हसले. "तुमचे सरही अस्सेच बोलायचे. केलं बंद."

तेवढ्यात मागची फळी हलकी झाली.

धुकं विरलं, तेव्हा चहूकडे मेलेले मासे तरंगत होते. मीटरच्या पाण्यात सोडायच्या टोकावरचा पातळ पडदा फाटलेला निघाला, आकडा खोटाच होता. गावात मात्र कुणाला साधी उलटीही झाली नाही. त्या संध्याकाळी मी मनसोक्त रडले आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. सर गेले, पण त्यांची खोड माझ्या नाकात राहिली, असं म्हणून मनाची समजूतही घातली.

फक्त, नमुन्यांच्या पेटीत त्या दिवशी एक बाटली जास्त निघाली. मी न भरलेली. हाताला कोमट लागली. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवून तिला आता तीन वर्षं झाली.

अजून कोमटच आहे.