सरकवून केलेली जागा

तीन रिकाम्या पेट्या आणि एक दिवा गुहेत राहिला होता. तेवढं आणायला अरिती सकाळी पुन्हा डोंगर चढत होती. यंदाचं उत्खनन आदल्या दिवशीच संपलं होतं, बाकीची मंडळी खाली सितिया शहराकडे निघून गेली होती. सोबत होता फक्त मानूसोस. गुहेच्या जाळीच्या दाराची किल्ली सांभाळणारा गावातला म्हातारा धनगर.

चढणीवर ती तीनदा बसली.

"चाळीस वर्षं मेलेल्यांच्या पाठी का दुखायच्या ते शोधताय," मानूसोस म्हणाला, "आणि स्वतःच्या पाठीला थेंबभर तेल लावत नाही. धन्य आहे बाई तुमची!"

"मेलेले कुरकुर करत नाहीत, मानूसोस."

ती हसली, पण उठवेना. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. त्याआधी तीन वर्षं तो अंथरुणाला खिळलेला. रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. तो गेला, पण दर दोन तासांनी येणारी जाग काही गेली नाही.

जाळीपाशी मानूसोस नेहमीसारखा थांबला. आत तो कधीच येत नसे. उन्हात बसून सिगारेट वळू लागला.

अरिती वाकून बोळातून आत गेली. ओल्या मातीचा, वटवाघळांचा वास. चार हजार वर्षांपूर्वी या बेटावरचे मिनोअन लोक आपली मेलेली माणसं इथे आणून जमिनीवर निजवत. नवं माणूस आलं की आधीच्यांची हाडं भिंतीकडे सारायची, कवट्या ओळीने लावायच्या आणि मधे जागा करायची. कितीतरी पिढ्या हेच चाललं होतं. त्या ढिगातून अरितीने एकेक माणूस वेगळं काढलं होतं. मानेचे मणके झिजलेली एक बाई, जन्मभर डोक्यावरून ओझी वाहिलेली. मांडीचं हाड मोडून वाकडं जुळलेला एक माणूस. तो पुढे वीसेक वर्षं जगला होता, म्हणजे कुणीतरी त्याचं सगळं केलं असणार. ते करणाऱ्याचं हाड कुठलं, हे मात्र तिला कधी कळलं नाही.

मागच्या भिंतीजवळची हाडं पुढच्या वर्षासाठी तशीच ठेवली होती. जमिनीवर पसरलेली होती, तशी. प्रत्येकापाशी तिनेच काल नंबराची चिठ्ठी ठेवली होती.

तिने दिवा लावला.

चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. हाडं नव्हती. ती भिंतीशी नीट सारून ठेवलेली होती, आणि मधे माणसाच्या लांबीएवढी जमीन मोकळी होती.

"मानूसोस! आत कोण आलं होतं?"

"कोण येणार? किल्ली माझ्या गळ्यात आहे. का... काय झालं?"

"हाडं हलवलीत कुणीतरी. मधे जागा केलीय."

बाहेर जाळी खडखडली.

"बाई... बाहेर या. पेट्या राहू द्या."

ती घाबरली होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा थकवा मोठा होता. नीट पाहावं म्हणून ती गुडघ्यांवर बसली. माती मऊ होती, आणि कोमट. गुडघ्यातून कळ आली. मिनिटभर पाठ टेकू, एवढंच तिच्या मनात आलं.

पाठ टेकली, आणि भिंतीकडे हाडावर हाड टेकल्याचा बारीक आवाज झाला. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून कुणी जपून आवरावं, तसा. मग तिच्या पाठीखाली एक हात गेला. अलगद, सरावाने, तिची कूस बदलली गेली.

कित्येक वर्षांत तिला कुणी असा हात लावला नव्हता. तिने डोळे मिटले.

हाका मारून मारून मानूसोसचा घसा बसला. शेवटी तो छातीवर क्रूसाची खूण करत, रांगत आत शिरला आणि पाय धरून तिला ओढत बाहेर घेऊन आला. अरिती आत जाऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. उन्हात डोळे उघडताच ती लहान मुलासारखी रडली.

"का उठवलंत हो मला?"

मानूसोसने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खाली दरीत भिरकावून दिली.

संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीने, कॅलिओपीने, तिला चुलीपाशी बसवून गरम सूप पाजलं. डोक्याचा रुमाल सोडला, आणि तिचा हात थांबला.

"ताई, वेण्या कुणी घातल्या तुला?"

अरितीचे खांद्यापर्यंतचे पांढरे केस दहा-बारा बारीक, घट्ट वेण्यांत गुंफले होते.

"कुणी नाही गं."

"आणि हे... मधे हे काळे केस कुणाचे?"

प्रत्येक वेणीत एक लांब काळी बट होती, कंबरेपर्यंत पोचेल एवढी. कॅलिओपीने एक केस ओढून काढला. तो दिव्यापाशी धरला. नुकताच उपटल्यासारखं त्याचं मूळ ओलं होतं.

"ताई... ऐकतेस ना?"

अरितीची मान खांद्यावर कलली होती.

"राहू दे," ती पुटपुटली. "उद्या सोडव. किती दिवसांनी झोप येतेय..."