पडद्यावरची वेणी

"बाबा रात्री कुठे झोपले होते?"

दारात उभं राहून त्याने आल्या आल्या हेच विचारलं. हा तोच कॅमेरावाला. काल भर दुपारी माझ्याशी धडकून, "सॉरी... पलंग कुठेय?" असं विचारणारा!

झोपेत बाबांचा श्वास मधेच थांबायचा. अंगाला वायरी लावल्या की ते उपटून टाकायचे. म्हणून डॉक्टरांनी याला पाठवलं. याचा कॅमेरा म्हणे लांबूनच नाकाजवळची ऊब बघतो. श्वास सोडला की पडद्यावरचा ठिपका नारिंगी, घेतला की निळा. चेहरा दिसत नाही म्हणे. म्हणे! झोपायच्या खोलीत परक्याचा कॅमेरा, माझा कसा विश्वास बसणार?

"कुठे म्हणजे? पलंगावरच."

"नक्की?"

"माझ्यावर संशय घेताय?"

"बाबांना वेणी आहे?"

मेले! कॅमेऱ्याला काय दिसतं ते बघायला मी क्षणभर आडवी झाले होते. कित्येक रात्री बाबांच्या श्वासाकडे कान लावून जागलेली मी... डोळाच लागला. बाबा बिचारे सोफ्यावर झोपले. आता थाप मारली असती, तर माझा धडधाकट श्वास बाबांच्या नावावर गेला असता आणि उपचार राहिले असते.

"मीच होते," मी पुटपुटले. मग भडकले. "म्हणजे रात्रभर मला बघत बसलात?"

"रेकॉर्डिंग सकाळी उघडलं. वेणी दिसली, लगेच बंद केलं."

"असं? बसा कॅमेऱ्यासमोर. खोटं बोललात तर श्वासच सांगेल. आता बोला."

तो मुकाट्याने बसला. "लगेच बंद केलं." पडद्यावर ठिपका संथ... नारिंगी, निळा, नारिंगी.

"परत लावून बघावंसं वाटलं नाही?"

ठिपका नुसता लुकलुकायला लागला!

"...वाटलं," तो म्हणाला. "पण लावलं नाही."

माझे कान तापले. बरं झालं, कॅमेरा त्याच्याकडे रोखलेला होता.

त्या रात्री बाबा पलंगावर झोपले. श्वास कितीदा अडकतो ते दिसलं, आणि डॉक्टरांनी मास्कचं मशीन दिलं. ते लागलं त्या रात्री मी गाढ झोपले, अगदी निर्धास्त.

मग तो कॅमेरा काढायला आला. तीन स्क्रू निघाले. चौथ्याशी झटापट चालूच.

"अहो, खरंच अडकलाय की...?"

"कॅमेऱ्यासमोर बसून सांगू?"

"नको," मी म्हणाले. "नुसतं सांगा. विश्वास ठेवीन."

त्याने पेचकस खाली ठेवला.

"अडकलेला नाही."