रागासकट सांगा

नविनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तलासरीच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या फरशीवर पोट धरून गडबडा लोळत होता. मी धावत जाऊन स्ट्रेचर आणलं. तर हा आरामात उठून बसला!

"धावलात छान. पण कुठं दुखतंय, ते विचारलंच नाहीत."

बोर्डीचा नाटकवाला. वारली पेशंटचं म्हणणं डॉक्टरांना मराठीत सांगायला आम्हा चौघींना दुभाषी म्हणून घेणार होते, आणि आम्हाला तयार करणार म्हणे हा! ही नोकरी हुकली तर मला वापीच्या कारखान्यात जावं लागणार होतं, म्हणून गप्प सोसलं. आज चिडकी म्हातारी व्हा, उद्या घाबरलेली बाळंतीण…

"प्रगती, शब्द पोचले. बाई कुठं राहिली? रागासकट सांगा."

"राग मला तुमचाच येतो."

"चालेल… तोच वापरा!"

वर हसायचा. गालाला खळी पडायची, आणि ती मला दिसायची, याचाच जास्त वैताग.

शेवटच्या आठवड्यात खरी पेशंट आली, म्हातारी बायजी. डॉक्टरांनी पडदा न ओढताच लुगडं सरकवायला सांगितलं, तशी ती वारलीत कडाडली. मीही मराठीत तेवढीच कडाडले, "मी काय बाजारातली कोंबडी आहे? आधी पडदा लावा!"

डॉक्टर लालबुंद झाले. "उद्यापासून ही मुलगी नको."

बाहेर येऊन मी नविनवर तुटून पडले. "तुमच्या नाटकापायी माझी नोकरी गेली!"

तो तडक आत गेला. मी मागोमाग. एरवी हातवारे करणारा हा माणूस हात बांधून उभा होता. "डॉक्टर, तो राग बाईंचा होता. तसाच पोचवायला मी शिकवलं. काढायचं तर मला काढा."

बायजीनं विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं. तिनं हसून मलाच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात बाई?" डॉक्टर.

वगळायची सोय नव्हती. "म्हणतात… 'हा तुझ्यासाठी एवढा भांडतो, नवरा आहे का तुझा?'"

डॉक्टरांना हसू फुटलं. त्यांनी उठून स्वतः पडदा ओढला. "उद्या वेळेवर या."

"यांना उत्तर काय देऊ?" मी नविनवर खेकसले.

"सांगा… अजून नाही." कान लाल झाले होते त्याचे. "पण मला तुम्ही फार आवडता."

मी पडद्याआड बायजीला ते सांगितलं. मग माझ्या मनातलंही सांगून टाकलं, वारलीतच. म्हातारी खदखदून हसली.

"काय सांगितलंत? प्रगती, सांगा ना!"

"महिनाभर छळलंत मला," मी म्हटलं. "आता वारली शिका!"