वाळ्याच्या भट्टीतलं हरवलेलं तेल

शेठला धरायला तिघं लागली. शेठ म्हणजे मामाचा कुत्रा. नाव मोठं आणि लोळणं गटारात. हा जीव न्हाऊन निघाल्याशिवाय एकालाही खाऊ मिळणार नाही, असं मामीने बजावलं होतं. पिंपाने पुढचे पाय धरले, धाकट्या शेपटाने मागचे, आणि टाचणी साबण घेऊन वाकली ती तशीच थांबली.

"अरे, याला वास येतोय."

"म्हणून तर आंघोळ घालतोय ना," पिंप म्हणाला.

"तसला नाही. चांगला."

टाचणी बारा वर्षांची, अंगाने काडी आणि जिभेने नावाला जागणारी. पिंप तिचा मावसभाऊ, शेपूट तिचा धाकटा भाऊ. जिथे ती तिथे तो. तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती. मामाची वाळ्याची भट्टी होती. वाळा म्हणजे उंच गवत. वर नुसती पाती, सगळा वास जमिनीखाली मुळांत. ती मुळं खणायची, धुवायची, सावलीत वाळवून तोडायची आणि पाणी घालून तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात रटरटत ठेवायची. वाफ नळीतून थंड होऊन भांड्यात उतरते, तिच्यासोबत तेल. दीड दिवस आग विझू दिली नाही, तर एवढ्या ढिगाचं तांब्याभर तेल हाती लागतं.

ती आग राखायचे भट्टीवाले काका. तीस वर्षं हेच काम. पण गेल्या तीन हंड्यांना तेल निम्मंच निघालं होतं. मामाने त्या सकाळी चारचौघांत काकांना सांगितलं की आज संध्याकाळी हंडा उतरेल, तेव्हाही तेल कमी भरलं तर भट्टीची किल्ली ठेवा आणि घरी जा. चोर हा शब्द त्याने काढला नाही. पण म्हणायचं शिल्लकही काही ठेवलं नाही. काका आगीकडे बघत राहिले. मान वर केली नाही.

तिने शेठला सोडून दिलं. तो तडक भट्टीच्या मागच्या गटारात जाऊन पसरला. तिघं मागोमाग. तिथल्या चिखलालाच वाळ्याचा घमघमाट! मुळं धुणाऱ्या बाईंना शेपटाने हात धरून आणलं. बाईंनी नाक पुढे केलं, पुन्हा पुढे केलं आणि मला तर काहीच येत नाही म्हणाल्या. मामीचंही तेच. जन्मभर त्या वासात राबलेल्यांना तो वास कुठला यायला? तो फक्त पाहुण्यांना.

गटारात भट्टीची तोटी उघडत होती. आधी काका भांड्यातलं पाणी बादलीने पुन्हा हंड्यात ओतायचे. मामाला तो गबाळेपणा वाटला. त्याने यंदा झोकात नवं भांडं करवून आणलं. तेल वर तरंगत राहील, पाणी खालून तोटीने परस्पर बाहेर.

तेल तोटीतून गटारात जातंय, असं टाचणीने मामाला जाऊन सांगितलं. मामा हसला.

"तेल पाण्यावर तरंगतं, बाईसाहेब. शाळेत हेही शिकवत नाहीत?"

वर भट्टीकडे फिरकायचं नाही, अशी ताकीद मिळाली. मग काय, युक्तीच करावी लागली. पिंप वही घेऊन मामासमोर बसला आणि सुट्टीचा अभ्यास म्हणून वाळ्याच्या तेलाचे उपयोग विचारले. मामाची कळी खुलली. साबण झाला, औषधं झाली, दुसरे वास भुर्रकन उडून जातात त्यांना हे तेल अत्तरात कसं धरून ठेवतं ते झालं, उकळून झालेल्या मुळांच्या चटयांपर्यंत गाडी पोचली. पिंपाने 'उपयोग' एवढं लिहून खाली कुत्री काढली.

तोवर टाचणीने तोटीखाली काचेची बरणी धरली. पाणी गढूळ, दुधाळ. ओट्यावर ठेवून ती बघत बसली. तासभर गेला. वर तेलाचा थेंब नाही. ऊन कलायला लागलं. भट्टीत काका शेवटची लाकडं लावत होते. मामाचंच खरं, असं म्हणून ती बरणी उपडी करणार, इतक्यात जमिनीवर पालथा पडलेला शेपूट म्हणाला, "ताई, खाली मध बसलाय."

बरणीच्या तळाशी दाट, तपकिरी थेंब जमले होते.

तिने बरणी दोन्ही हातांत धरली आणि भट्टीत गेली, ताकीद गेली खड्ड्यात. मामा किल्ली मागायला हात पुढे करून उभा होता. तिने त्या हातावर बरणी ठेवली.

मामाने बरणी उजेडात धरली. बराच वेळ धरली. काकांनी काडीने तळाचा थेंब काढला, बोटांवर चोळला, नाकाशी नेला आणि हात टाचणीपुढे केला.

"मला कळत नाही आता. तू सांग, पोरी."

"वाळाच आहे, काका. डोकं भरून जातंय."

काका खाली बसले. म्हणाले, यंदा मुळं सहा महिने जास्त जमिनीत राहिली. जुन्या मुळाचं तेल जड होतं असं त्यांच्या गुरूकडून ऐकलं होतं, पण बुडण्याइतकं जड होईल हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधी पाणी परत हंड्यात जायचं तेव्हा थोडंफार बुडलेलं तेलही परत जायचं, म्हणून कधी उणं पडलं नाही.

"तीस वर्षं मी पाण्याच्या वरच बघत आलो. या पोरांनी तळ बघितला. शाबास रे."

मुळं जास्त दिवस जमिनीत ठेवा हे मामाचंच डोकं होतं, तोटीही त्याचीच. मामीने दारातून एवढंच विचारलं की आता चोराला कुठे शोधायचं. मामाचे कान लाल झाले. त्याने आधी तोटी बंद केली, मग सकाळी होते त्या सगळ्यांना हाक मारून भट्टीत बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हणाला, "काका, चूक माझी. तुमच्यावर घेतला तो संशय मी परत घेतो."

काकांनी कोपऱ्यातली बादली उचलून मामाच्या हातात दिली.

"भांड्यातलं पाणी हंड्यात घाला. सावकाश. सांडू नका."

आणि मामाने घातलं. एकेक बादली, घामाने निथळत, सगळ्यांच्या देखत.