गोमूचा आवाज

“गे बाय, पिन आसा काय गो तुज्याकडे?”

आकांक्षा वळली. खजुराच्या झाडाआड हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती… पण आवाज चांगलाच पुरुषी!

मस्कतजवळच्या बरका गावातल्या एका शेतावर तिथले मालवणी लोक दरवर्षी होळीनंतरच्या शुक्रवारी शिमगा करत. शिमग्यात बाईच्या वेशात नाचणारा पुरुष म्हणजे गोमू. यंदाचा गोमू होता स्वरूप. मस्कतपासून लांब, दुक्म गावी बंदराच्या कामावर क्रेन चालवायचा.

“निऱ्या कोणी घातल्या तुमच्या?” हसू दाबत तिनं विचारलं.

“मीच. वायट दिसतंय?”

“लिपस्टिक माझ्यापेक्षा छान आहे.” तिनं निऱ्या सारख्या करून पिन लावली. तो मान खाली घालून उभा राहिला.

मग ढोल वाजला आणि तो गायला. मस्कतच्याच अल् घुब्रा भागात वाढलेल्या आकांक्षाला घरचं मराठीही अडखळतच यायचं; मालवणी तर निम्मं डोक्यावरून गेलं. तरी ती जागची हलली नाही.

“शिकवाल मला ते गाणं?” निघताना तिनं विचारलं.

“अहो-जाहो सोडलंस तर!”

त्यानं फोनवर एकेक ओळ गाऊन पाठवायची, तिनं तशीच गाऊन परत. त्याच्या मागे दुक्मचा वारा घोंघावत असे. ती चुकली की तो पोट धरून हसायचा, आणि मग हळूच म्हणायचा, “परत म्हण ना… बरा वाटता ऐकूक.” वर्षभर गाणी येत राहिली. मनातलं मात्र दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या शिमग्याला तो पुन्हा लुगडं नेसून आला, पण डोळ्यांत नेहमीचं हसू नव्हतं.

“प्रोजेक्ट खलास. आयतवारी गावाक चल्लंय… कायमचो.”

“आणि हे आत्ता सांगतोस?”

“आधी सांगून काय करतलंस?”

शिमग्यात कुणीही पुढे येऊन जुळवलेल्या दोन ओळी म्हणायच्या, अशी रीत. आकांक्षानं सरळ जाऊन माइक घेतला. समोर पप्पा बसले होते. तरी ती गायली.

“दुक्मचो वारो फोनात इलो,
माझ्या कानात रवलो गो—
जावक देवचंय नाय मी तेका,
माका तो होयी गो!”

“होयी न्हय गो, होयो!” मागून कुणीतरी तिच्या ‘हवी’चं ‘हवा’ करत ओरडलं. “बापयो आसा तो, बाई न्हय!”

सगळं शेत हसत सुटलं. ती लाल झाली. पण स्वरूपकडे बघत, अगदी स्पष्ट म्हणाली,

“होयो. माका तो होयो.”

ढोल थांबला. स्वरूप तसाच उभा, डोळ्यांतल्या पाण्यानं काजळ गालांवर उतरलेलं.

“माकाय,” तो इतकंच म्हणाला, “कधीपासून…”

पप्पा उठले. सावकाश चालत त्याच्यासमोर आले, त्याला बांगड्यांपासून पैंजणांपर्यंत न्याहाळलं आणि मुलीसाठी स्थळ बघावं तसं विचारलं,

“झील कोणाचो रे तू?”

स्वरूपनं घाईघाईनं डोक्यावरचा पदर काढला, वाकून नमस्कार केला, आणि आपल्या बापाचं नाव सांगितलं.