रात्री आटणारी विहीर

खुशालराव भातकुलीच्या बाजारातून नवी घागर घेऊन निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची असते, म्हणून तो बाजारला गेला होता. घागर खांद्यावर, मधूनमधून बोटानं वाजवून पाहत, गडी आरामात चालला होता. बासष्ट साल. वैशाखातली बीज. चंद्राची कोर दिसली न दिसली तोच बुडाली.

उत्तमकाका हे सांगत होते ते चार वर्षांनंतरच्या वैशाखात. जेवणं झाली होती, कंदील बारीक केला होता, आणि अंगणातल्या बाजेवर आम्ही दोघं होतो. कॉलेज सोडून घरी बसलेला मी आणि माझा दोस्त धर्मपाल.

"ऐकीव नाही सांगून राहिलो," काका म्हणाले. "खुद्द खुशालरावच्या तोंडचं हाये."

आमच्या गावातली म्हातारी माणसं भुतांच्या गोष्टी रंगवून सांगतात. जिवंत माणसांचं काय झालं हे विचारलं की त्यांना झोप येते.

खुशालरावच्या भिंतीला लागून मदारचाचा पिंजाऱ्याची झोपडी होती. अख्ख्या गावाच्या गाद्यांचा कापूस त्यानं पिंजलेला. एकटा माणूस. रात्र सरत आली की तो उठायचा. तहज्जुदची नमाज. पाच नमाजांच्या वरची, आपल्या मर्जीची. तिला अजान नाही, कोणी बोलवायला येत नाही, चुकली तर कोणी विचारत नाही. गाव झोपलेलं असताना झोप मोडायची, हात-तोंड-पाय धुवायचे आणि उभं राहायचं.

धुवायला पाणी लागतं. आमचा मुलूख खाऱ्या पाण्याचा. होळीनंतर बाकीच्या विहिरी तळ दाखवतात, पाणी राहतं ते खुशालरावच्या विहिरीला. दिवसा घरटी एक घागर मिळायची. मदारचाचा रात्री येऊन एक बधनाभर, तोटीच्या लोट्याएवढं, पाणी काढायचा, तेवढ्यापुरता रहाट वाजायचा. कुईं… कुईं…

खुशालरावची झोप मोडायची. बस. एवढंच कारण होतं.

"चाचा," एका सकाळी तो म्हणाला, "राती इहीर आटते. झरा दमला. पहाटेलोक बादली गाळात घासते. उगा कावून चकरा मारता?"

आणि त्या दिवसापासून रात्री रहाटावरचा दोर काढून उशाशी घेऊन झोपायला लागला.

"चाचानं इचारलं नाही काही?" मी विचारलं.

"म्हणे, 'खुशाल, पाणी नसन तं माती चालते आमाले. पण पाणी असून मातीवर भागवलं, तं ते कबूल नाही होत. तू सांगतं पाणी नाही, तं नाही. तुह्या जबानीवर मी माती घेतो.'"

मग रहाट थांबला. रात्री मातीच्या भिंतीवर दोन्ही तळवे आपटल्याचा आवाज यायचा. थप. कोरडे हात तोंडावरून फिरायचे. पुन्हा थप. हातांवरून. मग शांत. खुशालराव कूस बदलून झोपायचा.

गावाला हे माहीत होतं. चहाच्या टपरीवर हसायचे लोक. मदारचाचा दिसला की कोणीतरी मोठ्यानं विचारायचं, "काय चाचा, राती आटली का इहीर?" तो गंभीरपणे म्हणायचा, "हो ना बाप्पा, काय दिवस आले."

"गावात कोणीच सांगितलं नाही त्याला?" मी विचारलं.

काकांनी बिडी शोधली. सापडली नाही.

"आमच्या वस्तीसाठी तं त्या इहिरीत दिवसाबी पाणी नव्हतं, काका," धर्मपाल म्हणाला.

मी हसलो. काका हसले नाहीत.

बासष्टच्याच चैत्रात चाचाला ऊन लागलं. शेवटच्या दिवशी त्यानं खुशालरावला बोलावलं. झोपडीत आणखी चार जण उभे होते. चाचा म्हणाला, "खरं सांग बेटा. इहिरीत रातचं पाणी होतं का? असन तं मले अल्लाची माफी मागू दे. आता टाइम हाये."

खुशालरावनं त्या चौघांकडं पाहिलं. सगळे खाली पाहत होते.

"नाही, चाचा," खुशालराव म्हणाला.

म्हातारा शांत झाला. दिवस बुडता बुडता गेला.

आणि मग ती अखजीची आदली रात्र. नवी घागर पाझरते का पाहायला खुशालरावच्या बायकोनं, कौशल्याकाकूनं, ती काठोकाठ भरून भिंतीजवळ ठेवली. खुशालराव अंगणात बाजेवर झोपला. दोर उशाशी. म्हातारा गेला होता, तरी सवय गेली नव्हती.

रात्र सरत आली. त्याला जाग आली.

थप.

झोपडीला तर कुलूप होतं. पाल पडली असेल…

मग कोरडी खसखस. हात तोंडावरून फिरल्यासारखी.

थप.

आवाज भिंतीच्या पलीकडून नव्हता. अलीकडून होता. घागरीच्या अगदी जवळून.

"चाचा…" खुशालराव पडल्या पडल्याच म्हणाला. "घागर भरेल हाये. घ्या… पाणी घ्या."

काही नाही.

थप.

तेव्हा त्याला कळलं. हातभर अंतरावर पाणी होतं आणि म्हातारा त्याला शिवत नव्हता. कारण पाणी नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. खुशालरावनं सांगितलेलं होतं. जिवंतपणी मानलं, तसंच तो अजून मानत होता. रागावून आला नव्हता तो. रोजच्यासारखाच उठला होता.

"चाचा." खुशालराव बाजेवर उठून बसला. "खोटं बोललो. पाणी होतं. रोज राती होतं."

आवाज थांबला.

बराच वेळ… काहीच नाही. कुत्रं नाही. वारा नाही.

मग रहाट वाजला.

कुईं…

खुशालरावनं उशाशी हात घातला. दोर तिथंच होता. त्यानं तो घट्ट धरला.

कुईं…

मुठीतून दोर सरकला.

हळू. जड बादली खाली सोडावी तसा. सरकत राहिला. विहीर एवढी खोल नव्हती. दोर एवढा लांब नव्हता. तरी सरकत राहिला. हात सुटेना.

कुईं…

कुईं…

कोंबडा आरवला तेव्हा थांबला.

"अन् मग?" धर्मपालनं विचारलं.

"मग काय. सकाळी कौशल्याबाईनं पाह्यलं. घागर भरेलच्या भरेल. दोर… जाय, पाहून ये." काकांनी कंदील उचलला. "झोपा आता."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खुशालरावकडं गेलो. तो ओसरीवर बसला होता. चार वर्षांत पार वाळून गेलेला. मी म्हणालो, उत्तमकाकांनी सगळं सांगितलं.

"सगळं?" तो म्हणाला. "झोपडीत चार जणं होते, हे सांगतलं?"

"सांगितलं."

"कोण कोण, ते?"

"ते नाही सांगितलं."

"उत्तमराव खाटंच्या पायथ्याशी होता. चाचानं मले इचारलं, अन् यानं माह्या धोतराले मांगून हिसका देल्ला. त्याच्यावर ढकलून नाही राहिलो. बोललो तं मीच."

मी दोराबद्दल विचारलं. त्यानं फक्त हात केला.

अंगणात, सावलीचा ठिपकाही नव्हता अशा ठिकाणी, दोर खुंटीला टांगलेला होता. शेजारच्या चटईवर कौशल्याकाकूनं सकाळी घातलेले पापड कडकडीत वाळून वाकडे झाले होते.

"त्या दिसापासून पाण्यात नाही घातला रे," काकू आतून म्हणाली. "नवा आणला आमी रहाटाले."

मी दोराला हात लावला.

खालच्या टोकाशी एक थेंब धरला होता. तो पडला. दुसरा धरला.