धूसर झालेला शनी

“मी बाळापूरहून फटाके फोडाले नाई आलो, शनी पाहाले आलो,” वाचनालयाच्या पायरीवर पिशवी ठेवीत शिवम म्हणाला. “आन् तू म्हणते, वर्ग बंद?”

“मी नाई म्हणत. दादाजान म्हणतात,” अनीसा म्हणाली. “रविवारी ते गच्चीची किल्ली वाचनालयवाल्या साधनाताईंले परत देऊन राहिले. दुर्बीण खालच्या गोदामात जाईन.”

“काहून?” चंदाने विचारले. चंदा शिवमची मामेबहीण. ती जुन्या शहरातच राहत असे आणि सुट्टीत शिवम तिच्याच घरी उतरत असे.

अनीसाने तोंड फिरवले. ती नदीकडे पाहत राहिली. दिवाळी होऊन गेली होती. हवेत फटाक्यांच्या दारूचा धूर अजून रेंगाळत होता आणि मोर्णेचे पाणी त्या धुरात शिळे, राखाडी दिसत होते.

“त्याइले दिसत नाई आता,” अखेरीस ती म्हणाली.

अकोल्याच्या जुन्या शहरातील त्या वाचनालयाच्या गच्चीवर एक दुर्बीण होती. अनीसाचे आजोबा गयासुद्दीन सर शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती स्वतः सिद्ध केली होती. तिच्या तळाशी बसवलेला काचेचा अंतर्वक्र आरसा त्यांनी महिनोन्महिने हातांनी घासून घडवला होता, आणि मग दूरच्या शहरी पाठवून त्याच्यावर रुपेरी लेप चढवून आणला होता. सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी ते मुलांना गच्चीवर जमवीत आणि ग्रहमालेचा पाठ देत. त्यांचे पाठ पुस्तकी नसत. ते म्हणत, “सूर्य मोठ्या लाल भोपळ्याएवढा मानला, तर आपली पृथ्वी ज्वारीचा एक दाणा. गुरू लिंबाएवढा. आणि तो भोपळा या गच्चीवर ठेवला, तर शनीचे लहानसे लिंबू ठेवायला मोर्णेचा पूल ओलांडून जावे लागेल. मधली सगळी जागा रिकामी. त्या रिकामेपणाची ज्याला भीती वाटली नाही, त्याला ग्रहमाला समजली नाही.”

उन्हाळ्यात सरांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या डोळ्याची काळजी घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. दसरा झाल्यावर एका संध्याकाळी सरांनी दुर्बीण शनीकडे वळवली, आणि जिथे भोवती कडे असलेला तेजस्वी ग्रह दिसायचा तिथे त्यांना एक पुसट, राखाडी डाग दिसला. वाचनालयाचे सचिव देवानंदभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी डोळा लावून पाहिले आणि ते म्हणाले, “मले तं चोख दिसते सर. तुमच्या डोळ्याचंच काही असन.”

सरांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. देवानंद त्यांचा जुना विद्यार्थी होता.

“तेव्हापासून ते वाचत नाईत,” अनीसा सांगत होती. “पुस्तकं वाटून टाकली. परवा दुपारी मी पाणी प्याले उठली, तं ते डोळे मिटून भिंतीले हात लावत घरात फिरून राहिले होते. ओसरीपासून मोरीपावतर. सवय करून राहिले होते.”

 मग शिवमने हळूच विचारले, “आपन पाहू शकतो का, एकडाव?”

देवानंदभाऊंनी नाही म्हटले नाही. मात्र संध्याकाळी आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने गच्चीचे कुलूप काढताना ते म्हणाले, “लवकर पाहा अन् उतरा. त्या यंत्रात आता काही राम नाई.” एवढे बोलून ते जिन्यातच थांबले.

शिवमने पाहिले. चंदाने पाहिले. अनीसा सर्वांत शेवटी वाकली.

“कसा दिसते?” तिने आधीच्या दोघांना विचारले.

“पाणी गेलेल्या शाईवानी,” शिवम म्हणाला.

“मले वाटलं, माह्याच डोळ्यात कचरा गेला,” चंदा म्हणाली. “मागच्या वर्षी त्याचं कडं दिसलं होतं. बाजूचा तो मोठा चंद्रबी दिसला होता.”

अनीसा सरळ उभी राहिली. “तं तिघाइचे डोळे एका रातीत गेले का?”

प्रश्न साधा होता, पण त्याने तिघांनाही हलवले. जिन्यात देवानंदभाऊ खोकले. चंदाने ओठांवर बोट ठेवले.

खाली आल्यावर ती म्हणाली, “ग्रहाचा अभ्यास कसा करतात, सरांनी काय सांगतलं होतं? आधी दुरून पाहाचं, मग भोवती फिराचं, मग उतराचं.”

“यानानं करतात ते,” शिवम म्हणाला.

“आपल्यापाशी सायकल हाय. तेच यान समज.”

दुरून पाहणे म्हणजे आधी हे ठरवणे, की दोष डोळ्यांत आहे की दुर्बिणीत. त्या संध्याकाळी मोहल्ल्यातील वीज गेली होती. अनीसाने आजोबांना हात धरून ओसरीवर आणले. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका नुकताच वर चढला होता.

“दादाजान, कृत्तिका किती दिसतात?”

“सहा,” सर म्हणाले. मग खिन्नपणे हसले. “पण याने काही सिद्ध होत नाही, बेटा. त्या सहा आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माणूस पुष्कळदा डोळ्यांनी मोजत नाही, आठवणीने मोजतो. परीक्षा अशी घ्यावी, की उत्तर परीक्षार्थ्याला आधी माहीत नसेल.”

आपण आपलीच परीक्षा आखून देत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. चंदाने शिवमकडे पाहिले आणि शिवम अंधारात पळाला. थोड्या वेळाने गल्लीच्या दूरच्या टोकाला, एका गच्चीच्या कठड्यावर, दिवाळीच्या उरलेल्या पणत्या उजळल्या. त्या किती लावायच्या हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

“सर, तिकडं किती दिवे हायेत?” चंदाने सहज विचारल्यासारखे विचारले.

“पाच. त्यांतले डावीकडचे दोन अगदी चिकटून आहेत.” सरांनी मान किंचित पुढे केली. “आणि एक आत्ता विझला.”

शिवम धापा टाकीत परत आला. “पाच लावल्या होत्या. एक वाऱ्यानं गेली. दोन मी मुद्दाम खेटून ठेवल्या.”

अनीसाने आजोबांचा हात घट्ट दाबला.  त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. अनीसाला त्याचेच अधिक वाईट वाटले. ज्याने अंधाराशी समझोता करून टाकला होता, त्याला पुन्हा आशा धरण्याचेही भय वाटत असावे.

“मग शनी कुठे गेला?” एवढेच ते म्हणाले.

आता भोवती फिरायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी देवानंदभाऊंना गाठले.

“काका, गच्चीवर फटाक्याचा लय कचरा झाला. आमी झाडून देतो,” शिवम म्हणाला.

“झाडा. पण त्या नळीले हात लावाचा नाई.”

“हात नाई लावत,” चंदाने वचन दिले, आणि ते तिने अक्षरशः पाळले. शनी दसऱ्यानंतरच पुसट झाला हे ध्यानात ठेवून झाडता झाडता ती म्हणाली, “काका, दसऱ्याले पूजा झकास केली म्हणतात तुमी. काय काय पुजलं होतं?”

देवानंदभाऊ खुलले. “सारंच. खंडेनवमीले आपल्याकडं अवजार पुजल्याबिगर राहात नाई. कपाटं, पंखे, संगणक, दुर्…” ते मध्येच थांबले. “झाडा लवकर. मले खाली काम हाय.”

ते उतरून गेले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

“दुर् काय?” शिवमने विचारले.

“दुर्गाबाईचा झाडू असन,” चंदा म्हणाली. “चाल, आता उतराची वेळ झाली.”

दुर्बिणीचे तोंड उत्तरेकडे होते. सूर्य पाठीशी ठेवून, तिचे झाकण काठीच्या टोकाने बाजूला सारून, तिघे आळीपाळीने नळीत डोकावले. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही पाहू नये, हा सरांचा पहिला पाठ होता आणि तो कोणी विसरले नव्हते. नळीच्या तळाशी आपला चेहरा मोठा होऊन दिसायला हवा होता. तो दिसला नाही. काचेखालचे लाकूड दिसले. रुपेरी लेप बहुतेक गेला होता, कडेला काही तुकडे उरले होते. साऱ्या काचेवर गोल गोल ओरखडे होते. मधोमध कुंकवाचे बोट होते, आणि एका बाजूला एक तपकिरी शीर वाळून चिकटली होती.

“चिंच,” चंदा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “चिंच आन् राख. माही आजी सणाले घागर अशीच घासते. अश्शेच गोल फिरवते.”

अनीसाला रडू आवरेना. “त्याइनं हा आरसा घासला तवा कागदाचा कपटाबी लागू देत नव्हते. बोटाचा डाग पडन म्हणून.”

“सांगून टाकू साधनाताईंले,” शिवम म्हणाला.

“काका म्हणतीन, पोट्ट्याइनंच खरवडलं,” चंदा म्हणाली. “गच्चीवर झाडाले कोन गेलं होतं? आपनच. त्याइच्याच तोंडून निघालं पायजे.”

रविवारी सायंकाळी वाचनालयाच्या अध्यक्षा साधनाताई गच्चीवर आल्या. गयासुद्दीन सर किल्ली घेऊन आले होते. पश्चिमेला बारीक चंद्रकोर आणि आग्नेयेला शनी, दोन्ही धुरातून दिसत होते. अनीसाने दुर्बीण शनीकडे वळवून ठेवली होती.

“ताई,” चंदा नम्रपणे म्हणाली, “गोदामात ठेवाच्या आधी काकांनी आमाले एकडाव सांगावं, चांगल्या डोळ्यानं शनी कसा दिसते ते. आमाले धड दिसत नाई.”

साधनाताईंनी मान डोलावली. देवानंदभाऊंचा नाइलाज झाला. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

“दिसते ना, काका?” शिवमने विचारले.

“हो, दिसते ना. चोख.”

“कडं?”

“कडंबी हाय. यंदा जरा बारीक दिसते.”

“आन् तो मोठा चंद्र? कोन्या बाजूले?”

“उजव्या. नाई, डाव्या.”

शिवम स्टुलावर चढला, नळीच्या वरच्या तोंडावरचे काळे झाकण त्याने काढले आणि खाली उतरून ते देवानंदभाऊंच्या हाती ठेवले. कोणी हसले नाही. मुलांनी हसायचे ठरवले होते, पण सरांचा चेहरा पाहिल्यावर त्यांना ते जमले नाही.

साधनाताईंनी विजेरी मागवली आणि स्वतः नळीत पाहिले. “देवानंद, हे काय आहे?”

देवानंदभाऊ कठड्यावर बसले. “मले वाटलं, अवजार हाय, पूजेले चमकलं पायजे. मनोभावे घासलं ताई. पाणी मारलं तं चांदी निघून गेली. मी घाबरलो.”

“आणि सरांना खोटे का सांगितलेत?”

“लाज वाटली.”

गयासुद्दीन सर त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. “देवानंद, तू श्रद्धेने आरसा घासलास, त्याचा मला राग नाही. अवजाराला नमस्कार करणे चांगलेच आहे. पण नमस्कारापूर्वी ते अवजार काय आहे, हे विचारायला हवे होते. मी चार घरे पलीकडेच होतो. आणि नंतर तू मला आंधळा ठरवलेस. मी माझ्या घरात चाचपडत चालायला शिकत होतो.”

देवानंदभाऊंनी मान खाली घातली. ते रडत होते की काय, हे अंधारात दिसले नाही.

साधनाताई मुलांकडे वळल्या. “आम्ही मोठी माणसे या दुर्बिणीपाशी रोज जात-येत होतो. कोणालाही शंका आली नाही. तुम्ही आरोप न करता परीक्षा घेतलीत आणि पुरावा पाहिल्यावरच बोललात. या वाचनालयाला तुमचा अभिमान वाटतो. वर्ग बंद होणार नाही. दुर्बीणही कुठे जाणार नाही.”

“पण ताई, शनी कधी दिसेल?” अनीसाने विचारले.

याचे उत्तर सरांनी दिले. लेप पुन्हा चढवता आला असता. परंतु राखेने काचच ओरखडली होती. तिला पुन्हा घासून घडवणे भाग होते. “माझे हात आता कापतात. तुम्हांलाच घासावे लागेल, आणि तुम्ही नवखे. तोवर शनी सायंकाळच्या आकाशातून मावळून गेलेला असेल. एक यान तेरा वर्षे त्याच्याभोवती फिरत होते. इंधन संपत आले, तेव्हा ते शनीच्याच ढगांत सोडून दिले, कारण त्याच्या चंद्रांवर कुठे जीव असलाच, तर तो आपल्या हातून बाटू नये. ज्यांनी ते बांधले, त्यांतले काही जण शेवट पाहायला राहिले नव्हते. तरी त्यांनी बांधले.”

“तुमी राहाल, दादाजान,” अनीसा म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या मागच्या अंगणात वाळू भरलेले एक लोखंडी पिंप उभे राहिले. त्यावर आरशाची काच बसवली गेली. काच झिजवणारी ओली, बारीक भुकटी पसरून वर दुसरी काच ठेवायची, पुढे-मागे सरकवायची, आणि तसे करीत पिंपाभोवती पावलापावलाने फिरत राहायचे, म्हणजे काच सर्व बाजूंनी सारखी झिजते. अनीसा प्रथम फिरली, मग चंदा. सर खुर्चीवर बसून काचेचा आवाज ऐकत होते आणि मधूनच म्हणत होते, “जोर नको. काच आपल्या वजनाने जाऊ दे.”

शिवमची पाळी संपत आली, तेव्हा फाटकात देवानंदभाऊ दिसले. त्यांच्या हातांत पाण्याची बादली होती. आत यावे की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते.

“सर, आता पाणी माराचं का?” त्यांनी दुरूनच विचारले.

 शिवमचे हात काचेवर थांबले.

“हे बरे केलेस, विचारलेस,” गयासुद्दीन सर म्हणाले. “आता नको. ये, आधी हात धू, आणि शिवमच्या मागून चालायला लाग.”